सेवेची नोंदवही

आमच्या शाळेंत स्काउटपथक आहे, वादविवादमंडळ आहे, हस्तलिखित मासिक आहे, बागकामाची तुकडी आहे, आणि कांहीं वर्षांपासून एक सेवामंडळही आहे. या सर्वांस मिळून 'अभ्यासेतर उपक्रम' असें भारदस्त नांव देण्यांत आलें आहे. सेवामंडळांतील मुलामुलींनीं वर्षभर जें काम केलें त्याची नोंद एका लांबट वहींत होत असते. तींत चार रकाने आहेत : दिनांक, ठिकाण, काय केलें, किती तास. वर्ष संपत आलें कीं चौथ्या रकान्याची बेरीज होते. ज्याची बेरीज सर्वांत मोठी त्यास स्नेहसंमेलनांत ढाल मिळते. आणि प्रत्येक नोंदीखालीं सही करण्याचें काम माझ्याकडे आहे.

सेवा का कधीं तासांनीं मोजावी, असें म्हणून खेदानें मान हलविणारे गृहस्थ मला पुष्कळ भेटतात. त्यांचें म्हणणें ऐकावयास गोड लागतें, पण मला तें सर्वस्वीं पटत नाहीं. मोजणी नसली कीं जो मुलगा गाजावाजा न करितां दर रविवारीं काम करितो तो मागें राहतो, आणि जो वर्षांतून एकदां छायाचित्रापुरता झाडू हातीं धरितो तोच सर्वांच्या लक्षांत राहतो. सरकारासही मोजल्यावांचून चाललें नाहीं. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांतून सुरू झाली, तेव्हां तींत सुमारें ४०,००० विद्यार्थी होते. त्या योजनेंतील स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तासांच्या कामाची अपेक्षा असते. आमच्या वहीचा चौथा रकाना ही त्याच मोठ्या झाडाची एक लहानशी फांदी होय.

मी स्वतः ज्या मिशनच्या वसतिगृहांत वाढलों तेथें मात्र असा रकाना नव्हता. दर शनिवारीं शेजारच्या दवाखान्याचा व्हरांडा धुण्याची आमची पाळी येई. तिला सेवा म्हणावें असें कोणाच्या मनांतही आलें नाहीं. पाळी ती पाळी. चुकविली तर संध्याकाळची भाकरी उशिरां मिळे, एवढाच तिचा महिमा.

असो. या वहीची इतकी कथा सांगण्याचें कारण म्हणजे यंदाच्या जानेवारी महिन्यांतील एक नोंद. सेवामंडळाचीं बावीस मुलें घेऊन आम्ही दोघे शिक्षक तीन दिवसांसाठीं हेमलकशास गेलों होतों. परत आल्यावर एकवीस जणांनीं तासांच्या रकान्यांत 'अठरा' असा आंकडा लिहिला. नववींतील एका मुलीनें तेथें आंकडा लिहिला नाहीं. एक आडवी रेघ ओढली. तिसऱ्या रकान्यांत तिनें लिहिलें होतें : 'सहा शब्द शिकलें.'

ही रेघ दिसावयास लहान, पण तिचा परिणाम लहान नव्हता. सहलीस निघण्यापूर्वीं ढालीच्या शर्यतींत हीच मुलगी अकरा तासांनीं पुढें होती. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाचे अठरा तास वाढले आणि हिचा एकही वाढला नाहीं. तेव्हां ती सात तासांनीं मागें पडली. माझी सही अद्याप व्हावयाची होती.

ज्यांनीं हेमलकसा पाहिलेलें नाहीं त्यांच्यासाठीं त्या ठिकाणाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. चंद्रपूर सोडलें कीं बल्लारपूर, गोंडपिंपरी, आणि मग आष्टीजवळ वैनगंगा ओलांडून आलापल्ली. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. तेथून पुढें पेरमिलीवरून जो रस्ता जातो तो सारा रानांतला. आमच्या मुलांचीं गाणीं पेरमिलीपर्यंत टिकलीं. पुढें एकेक आवाज बंद होत गेला आणि सर्व खिडक्यांतून बाहेर पाहूं लागलीं. हेमलकशाच्या पुढें पर्लकोटा नदी, आणि नदीपलीकडे भामरागड हें तालुक्याचें गांव. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या तेथें एकत्र येतात. पर्लकोटेस पूर येऊन पूल पाण्याखालीं गेला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी पावसाळ्याच्या दिवसांत आपण वर्षानुवर्षें वाचीत आलों आहों.

याच संगमावर १९७० च्या सुमारास बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन सहलीस आले होते. विकास व प्रकाश हे दोघेही बंधु तेव्हां नागपुरास वैद्यकीचे विद्यार्थी होते. रानांत राहणाऱ्या माडिया लोकांची जी स्थिति त्यांना तेथें दिसली, अंगावर पुरतें वस्त्र नाहीं, आजारांत औषध नाहीं, आणि परका मनुष्य दिसतांच भीतीनें झाडींत नाहींसें होणें, ती बाबांच्या मनांतून गेली नाहीं. त्यांनीं या लोकांसाठीं काम उभारावयाचें ठरविलें, आणि धाकट्या प्रकाशनें तें अंगावर घेण्याचें कबूल केलें. २३ डिसेंबर १९७३ रोजीं लोक बिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. गडचिरोली जिल्हा तेव्हां अस्तित्वांत यावयाचा होता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. डॉ. प्रकाश हे शस्त्रक्रियेचें पुढील शिक्षण अर्धवट सोडून १९७४ सालीं पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह हेमलकशास राहावयास आले. सहलीहून परतल्यावर दोन पानें अनुभव लिहून आणा, असें आम्ही शिक्षक मुलांना सांगतों. त्या एका विद्यार्थ्याचीं दोन पानें पन्नास वर्षें लिहून झालीं तरी पुरीं झालेलीं नाहींत.

पण माझ्या मनांत त्या मुलीच्या रेघेच्या संदर्भांत जें घोळत राहिलें तें पुढील पन्नास वर्षांचें कार्य नव्हे. अगदीं पहिले दिवस. दोन शिकलेले डॉक्टर रानांत येऊन बसले आहेत, जवळ औषधें आहेत, आणि रोगी येत नाहींत. आले तरी बोलावयाचें कोणत्या भाषेंत? माडिया ही गोंडीच्या कुळांतील बोली. तिचें नातें मराठीशीं नसून तेलुगु-कानडीच्या द्राविडी घराण्याशीं आहे. कोठें दुखतें हें डॉक्टरांस विचारतां येईना, आणि रोग्यास तें सांगतां येईना. तेव्हां या मंडळींनीं आधीं ती भाषा शिकून घेतली. जे सेवा करावयास आले ते प्रथम विद्यार्थी झाले, आणि ज्यांची सेवा करावयाची ते त्यांचे गुरु. डॉ. प्रकाश यांचा आंखूड चड्डी व बनियन हा वेषही त्याच शाळेंतला. ज्यांच्या अंगावर कपडा नाहीं त्यांच्यांत पुऱ्या पोषाखांत वावरणें त्यांस प्रशस्त वाटलें नाहीं.

पुढें अपस्माराच्या झटक्यामुळें फार वाईट भाजलेला एक मुलगा त्यांच्या हातून बरा झाला; मेंदूच्या हिवतापानें मरणाच्या दारीं पोंचलेला एक मनुष्य उठून बसला; आणि मग हें वर्तमान रानांतून पायवाटेनें गांवोगांवीं गेलें. १९७६ सालीं शाळा निघाली. २००८ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हां त्यांच्या इस्पितळांत वर्षाकाठीं सुमारें ४०,००० रोग्यांवर मोफत उपचार होत होते. एका माकडिणीची शिकार करून नेतांना तिचें पिलूं तिला बिलगून राहिलेलें दिसलें, तें डॉक्टरांनीं मागून घेतलें, आणि अशा पोरक्या पिलांचा सांभाळ करतां करतां तेथें प्राण्यांचें एक अनाथालय उभें राहिलें, ही हकीकत तर आमच्या पांचवींतील मुलांनाही पाठ आहे. २०१४ सालीं चित्रपट निघाल्यापासून मुलांना हेमलकसा म्हटलें कीं प्रथम बिबट्याच आठवतो. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मलाही तो पाहावयाचा होताच.

आतां कोणी असा विचार करावा कीं, त्या पहिल्या दिवसांत आमच्यासारखी एखादी वही तेथें असती तर तिच्यांत काय लिहिलें गेलें असतें? दिनांक, अमुक. ठिकाण, हेमलकसा. काय केलें, कांहीं शब्द शिकलों. किती तास? येथें लेखणी थांबते.

आमच्या तीन दिवसांत काय झालें तेंही सांगतों. परवानगी पत्रानें अगोदर घेतली होती. तेथील कार्यकर्त्यांनीं मोठ्या सौजन्यानें आमच्या मुलांना झेपेल असें काम दिलें : आवारांतला पाला गोळा करणें, अंगण झाडणें, पाणी घालणें. मुलांनीं तें मनापासून केलें. झाडणें हें काम हलकें समजणाऱ्यांपैकीं मी नाहीं. ज्या विदर्भांत गाडगे महाराजांनीं दिवसा खराट्यानें गांव झाडावें आणि रात्रीं कीर्तनांत मनें झाडावीं, तेथें खराट्यास कोणी कमी लेखूं नये. तरी पण खरें सांगावयाचें तर आमच्या येण्यानें तेथील मंडळींचें काम थोडें वाढलेंच असावें. बावीस मुलांना काम दाखविणें हेंही एक कामच असतें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मुलें विश्रांतीस गेलीं होतीं. इस्पितळाच्या बाजूस रोग्यांच्या नातलगांच्या चुली पेटलेल्या असतात. तेथें एका म्हाताऱ्या माडिया बाईजवळ ही मुलगी जाऊन बसली होती. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती. मुलीनें घागरीकडे बोट दाखविलें, बाई म्हणाली, "एर." मुलीनें वर झाडाकडे बोट केलें, बाई म्हणाली, "मरा." मग बाईनें रानाच्या दिशेनें हात करून एक लांबलचक वाक्य म्हटलें, त्यांत 'नार' हा शब्द दोनदां आला. जवळून जाणाऱ्या एका कार्यकर्त्यानें सांगितलें कीं 'नार' म्हणजे गांव. तुझें गांव कोठलें, असें आजी विचारते आहे. मुलीनें आपल्या शहराचें नांव सांगितलें. बाईनें तें दोनदां म्हणून पाहिलें आणि हंसली, कारण तिच्या तोंडीं तें कांहीं केल्या नीट बसेना. हा प्रसंग अर्धा तास चालला असेल. मी व्हरांड्यांत उभा राहून तो पाहिला.

तेव्हां नोंदवही पुढें आली आणि ती आडवी रेघ दिसली, तेव्हां मीं मुलीस बोलावून विचारलें, "तूं तीन दिवस सर्वांबरोबर झाडलेंस, पाला उचललास. तुझे तास कां लिहिले नाहींस?"

ती म्हणाली, "सर, आपल्या घरचें अंगण झाडलें तर आपण वहींत लिहितों का? तिथें जेवलों, राहिलों, म्हणून झाडलें. आणि त्या आजीनें मला शिकवलें. काम तिचें झालें. तिचे तास मी कसे लिहूं?"

माझ्या सहकाऱ्यांस ही हकीकत सांगितली तेव्हां मतभेद झाला. एकाचें म्हणणें, मूल लहान आहे, हा हट्ट आहे, आपण शाईनें अठरा लिहून मोकळें व्हावें; ढाल तिचीच आहे. दुसऱ्याचें म्हणणें, तिची रेघ खरी मानली तर एकवीस जणांचे अठरा खोटे ठरतात, आणि असा गोंधळ वर्षाच्या शेवटीं परवडणारा नाहीं. दोघांचेंही म्हणणें विचार करण्याजोगें होतें. शाळा ही शेवटीं नियमांनीं चालते, आणि एका मुलीच्या सूक्ष्म विचारासाठीं बाकीच्यांच्या प्रामाणिक घामाचा अपमान व्हावा हें मलाही नको होतें.

श्रमाच्या छावण्यांचा जो इतिहास मी वाचला आहे त्यांत मला या पेंचाशीं जुळणारी एक गोष्ट आढळली. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९२० सालीं प्येर सेरेसोल नांवाच्या स्विस गृहस्थानें फ्रान्सांत व्हर्दंजवळच्या एका उध्वस्त खेड्यांत निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते. कालचे शत्रु आज घरें बांधावयास आले होते. हेतु निर्मळ, हात तयार, तरी गांवाच्या मनांतला संशय फिटेना, आणि कांहीं महिन्यांतच तें काम थांबवावें लागलें. तासांच्या हिशेबानें त्या मंडळींचें काम थोडेंथोडकें नव्हतें. पण घेणाऱ्याचें मन तयार नसलें तर देणाऱ्याचा घाम पुरा पडत नाहीं. ते लोक निराश झाले नाहींत. बिहारांत १९३४ सालीं भूकंप झाला त्यानंतर हेच सेरेसोल तेथें येऊन राबले. आणि त्यांच्याच संस्थेचे स्वयंसेवक १९५० नंतरच्या दशकांत आनंदवनांत येऊन बाबांच्या कुष्ठमुक्त सहकाऱ्यांच्या खांद्यास खांदा लावून बांधकाम करून गेले. पुढें बाबांनीं मूल तालुक्यांतील सोमनाथ येथें तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरविल्या, त्यांत ऐन मे महिन्याच्या उन्हांत शहरांतील मुलें कुदळी घेऊन उतरत असत. कांहीं तरुण तर बाबांच्या या कामांत आले ते परत गेलेच नाहींत. 'नेगल' हें पुस्तक लिहिणारे विलास मनोहर हे शहर सोडून हेमलकशास आले आणि तेथलेच झाले. 'नेगल' हें त्या पुस्तकांतील बिबट्याचें नांव. अशा मनुष्याचे तास कोणीं व कोणत्या वहींत मांडावे?

हा सारा विचार करून मीं पुढीलप्रमाणें केलें. एकवीस जणांचे तास कापले नाहींत. पाला पडला होता, तो त्यांनीं गोळा केला. अठरा तास अठराच राहिले, आणि त्यांखालीं मीं सही केली. मुलीच्या रेघेवर आंकडा चढविला नाहीं. तिच्याखालींही तशीच सही केली. स्नेहसंमेलनांत ढाल दुसऱ्या क्रमांकाच्या मुलास मिळाली. तो वर्षभर दर रविवारीं एका अंध वृद्धास वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे, तेव्हां ढाल अपात्री गेली असें मुळींच नव्हे. त्याला आनंद झाला, आणि त्यानें तो लपविला नाहीं, हें मला आवडलें. मुलगी टाळ्या वाजवीत होती. तिला वाईट वाटलें कीं नाहीं हें मला तिच्या चेहऱ्यावरून कळलें नाहीं, आणि तिला मीं तें विचारलेंही नाहीं.

एवढ्यावर हा विषय संपता तर मीं हा लेख लिहिला नसता. फेब्रुवारी महिन्यांत असें दिसूं लागलें कीं, मधल्या सुटींत ही मुलगी एक लहान वही घेऊन वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसते, आणि तिच्यासमोर आठवींतील एक मुलगा बसलेला असतो. हा मुलगा भामरागड तालुक्यांतला. आमच्या वसतिगृहांत तो सहावीपासून आहे. स्वभावानें अबोल, खेळांत चपळ, निबंधांत मागें, अशी त्याची शाळेंत ख्याति. त्याच्या प्रवेशपत्रावर मातृभाषेच्या जागीं कोणीतरी 'मराठी' असें लिहिलेलें आहे. हेमलकशाहून परत येतांना गाडींतून उतरल्यावर या मुलीनें सर्वांत प्रथम त्याला गांठलें आणि 'जोहार' म्हटलें. त्यानें आधीं इकडेतिकडे पाहिलें, कोणी थट्टा तर करीत नाहीं ना म्हणून. आणि मग उत्तर दिलें. सहावीपासून या आवारांत त्याला त्या शब्दानें कोणीं हांक मारल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

आतां तो बोलतो. नुसता बोलत नाहीं, रागावतोही. उच्चार चुकला कीं तो हातानें नको नको म्हणतो आणि पुन्हा म्हणावयास लावतो, अगदीं जुन्या पंतोजीप्रमाणें. मुलीच्या दोन मैत्रिणीही आतां त्याच्या वर्गांत बसतात. मराठीच्या तासाला त्यानें परवां प्रथमच आपण होऊन हात वर केला. निबंध अजून मागेंच आहे. सेवामंडळाच्या वहींत या वर्गाची नोंद कोणींही केलेली नाहीं, आणि ती कोणाच्या नांवावर करावी हें मला ठरवितां येत नाहीं.

या महिन्याच्या हस्तलिखितांत त्या दोघांनीं मिळून एक पान दिलें आहे : एका बाजूस माडिया शब्द, दुसऱ्या बाजूस त्यांचे मराठी अर्थ, एकूण एकेचाळीस. मुलाचें नांव आधीं आहे. मुद्रित अंकांत तें पान देतां आलें नाहीं, म्हणून वाचकांनीं तें वाचनालयांत जाऊन अवश्य पाहावें. त्यांतील पहिले सहा शब्द त्या आजीकडून मिळालेले. मुलीनें चुलीवरच्या पातेल्याकडे बोट दाखविलें तेव्हां आजीनें जो शब्द उच्चारला, त्याच्यापुढें तिनें 'भांडें' असा अर्थ लिहून आणिला होता. मुलानें तो तांबड्या शाईनें खोडून तेथें 'तापलेलें' असें लिहिलें आहे.